‘सक्षम’ असा शेरा मारणाऱ्या महोदयांस अनावृत पत्र

सन्माननीय मूल्यमापक महोदय,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेली वीस-पंचवीस वर्षं आपण जगभरच्या खिळखिळ्या झालेल्या देशांतल्या पोलिसांना गुण देत आहात आणि आपले जाहीर आभार मानायचं कुणाच्याच मनात आलेलं नाही. काबूल असो, पूर्व तिमोरमधलं दिली असो की हैतीतलं पोर्ट-ओ-प्रिन्स; युद्ध थांबलं, देणगीदार देशांची परिषद भरली, नवं पोलीस दल उभं करायचा ठराव झाला की मागोमाग आपण हजर. कधी लष्करी गणवेशात, कधी सल्लागाराच्या कोटात. तक्ते भरता, चार अधिकाऱ्यांना भेटता, गोषवारा लिहिता, शेरा मारता आणि परतीचं विमान गाठता. अहवालावर आपलं नाव बहुधा नसतं, म्हणून मीही आपल्याला पदानेच हाक मारतो आहे.

आपण विचाराल, मराठीत लिहिणाऱ्या माणसाला काबूलच्या पोलिसाचं काय पडलंय? महोदय, ठाण्याच्या दारात ताटकळणारा माणूस सगळीकडे सारखाच असतो. फिर्याद घेतील का, घेतली तर काय मागतील, की उलट आपल्यालाच आत बसवतील, ही धाकधूक बीडच्या माणसाला कळते आणि अफगाणिस्तानातल्या बगलानच्याही. आपल्या अहवालांत मी या माणसाला फार शोधलं. तो सापडला नाही, म्हणून हे पत्र.

पहिले आभार बगलान-ए-जदीदसाठी. उत्तर अफगाणिस्तानातला हा एक जिल्हा. 2009 साली तिथल्या पोलिसांना आपण पहिली श्रेणी बहाल केलीत. आपल्याच नियमाप्रमाणे पहिली श्रेणी म्हणजे कुणाचा हात न धरता आपलं काम पार पाडणारे पोलीस. पुढच्या वर्षी सिगारचे लोक, म्हणजे अफगाणिस्तानच्या पुनर्बांधणीवरचा खर्च तपासणाऱ्या अमेरिकी विशेष महानिरीक्षकांच्या कार्यालयातली माणसं, हा आदर्श जिल्हा डोळ्यांनी पाहायला निघाली. त्यांना सांगण्यात आलं, जाऊ नका, तिथे सुरक्षितता नाही, बंडखोरांचा सुळसुळाट आहे. पहिल्या श्रेणीच्या पोलिसांचा जिल्हा पाहुण्यांनी पाय ठेवण्याच्या लायकीचाही उरला नव्हता. पण श्रेणी कागदावर ठणठणीत होती, याचं श्रेय आपल्याला द्यायलाच हवं.

रकाने आपण इमानेइतबारे भरले होतेत. मंजूर संख्याबळापैकी किती माणसं भरली, बंदुका किती आल्या, गाड्या किती, वायरलेस संच किती, वर्ग किती जणांनी पूर्ण केला. ठाणेदार नाक्यावर ट्रकवाल्यांकडून काय उकळतो, शिपाई नशेत असतो का, रात्री गस्त निघते की अंधार पडताच ठाण्याला आतून कडी लागते, यासाठी मात्र जागा नव्हती. ही मोजणी भरवशाची नाही, असं सिगारने जून 2010 च्या अहवालात स्वच्छ सांगितलं. वैद्याने किती पुड्या बांधल्या ते मोजायचं आणि रोगी उठून बसला का ते विचारायचंच नाही, अशी आपली रीत. पुड्यांचा हिशेब बाकी चोख.

आपल्या चपळाईलाही दाद देतो. 2010 मध्ये ती मोजपट्टी बदनाम झाली, तेव्हा आपण दुसरी काढलीत. तिच्यातली सगळ्यात वरची श्रेणी होती ‘स्वतंत्र’. या श्रेणीत पुरेशी पथकं बसेनात. मग 2011 मध्ये आपण त्या श्रेणीचं नाव केलंत ‘सल्लागारांसह स्वतंत्र’. पुढे वरच्या श्रेणीतल्या पथकांची संख्या वाढलेली दिसली. 2013 मध्ये तिसरी मोजपट्टी आली. ऑक्टोबर 2014 मध्ये तिचा गोषवाराही गोपनीय ठरवण्यात आला. ज्या करदात्यांच्या पैशावर हे सगळं चाललं होतं त्यांनी निकाल पाहायचा नाही, आणि ज्या अफगाणांच्या गावात हे पोलीस जायचे त्यांनी तर नाहीच नाही. दर दोन-तीन वर्षांनी पट्टी बदलली की मागच्या वर्षीशी तुलना करायची सोय राहत नाही, हे आपल्यासारख्या जाणकाराला मी काय सांगावं.

प्रशिक्षणाच्या आकड्यांबद्दल तर आपले उपकार फिटायचे नाहीत. 2002 मध्ये पोलिसांची जबाबदारी जर्मनीने घेतली, काबूलची पोलीस अकादमी पुन्हा उघडली आणि अधिकाऱ्यांसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम आखला. या वेगाने शिपाई कधी मिळणार, म्हणून पुढच्याच वर्षी अमेरिकेने आठ आठवड्यांचे वर्ग काढले आणि ते चालवायचा ठेका खासगी कंपनीला दिला. 2010 मध्ये माणसं आणखी घाईने हवी झाली, तेव्हा आठाचे सहा आठवडे झाले. तोवर कित्येकांची तर आधी नेमणूक व्हायची आणि वर्ग जमला तर नंतर. भरती होणाऱ्यांत बहुसंख्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. असा शिपाई फिर्याद लिहून घेणार कशी? गाडीचा नंबर टिपणार कसा, नाक्यावर समोर धरलेलं ओळखपत्र वाचणार कसं? आपण मात्र त्यालाही प्रशिक्षितांत धरलंत. तो पुढे पळाला, नोकरी सोडून गेला, मारला गेला, तरी प्रशिक्षितांच्या बेरजेतून त्याला काढायची तसदी कुणी नीट घेतली नाही.

त्या वर्गांतली एक गोष्ट मला विसरता येत नाही. नेमबाजीत अफगाण पोरं सपाटून नापास होत होती. वर्षानुवर्षं सगळ्यांनी मान हलवून म्हटलं, यांना जमतच नाही. 2010 च्या सुमारास इटलीच्या काराबिनिएरी दलाचे शिक्षक काबूलला आले. त्यांनी पोरांच्या हातातल्या रायफली स्वतः तपासल्या आणि त्यांना दिसलं की नेम धरायची साइटच जागेवरून सरकलेली आहे. एकेक रायफल त्यांनी जुळवून घेतली आणि त्याच पोरांचे गुण वाढले. इतकी वर्षं पोरांना नापास केलं गेलं. बंदूक उचलून पाहायचं कुणाला सुचलं नाही.

शिक्षकांच्या निवडीबद्दलही दोन शब्द. पोलिसांना पोलिसाचं काम शिकवायला अनेकदा सैनिक पाठवले गेले. एका अमेरिकी अधिकाऱ्याने तर काय शिकवावं हे कळावं म्हणून ‘कॉप्स’ आणि ‘एनसीआयएस’ या टीव्हीवरच्या मालिका पाहिल्या. सिगारने हे नोंदवून ठेवलं आहे. या अधिकाऱ्याला मी हसणार नाही. बिचाऱ्याने मिळेल तिथून शिकायचा प्रयत्न तरी केला. पोलीस ठाण्यात आयुष्यात एक दिवसही काम न केलेल्या माणसाला या कामावर कुणी धाडलं, हे आपल्या कुठल्याही गोषवाऱ्यात का आलं नाही, एवढंच विचारतो.

आता पगारपत्रकाकडे वळतो, कारण तिथे आपली कृपा सगळ्यात खोलवर पोचली. अफगाण पोलिसांचा पगार देणगीदार देश देत असत आणि तो संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने 2002 मध्ये उभारलेल्या निधीतून जाई. आपण माणसं मोजायचात, त्यांनी पगार सोडायचा. जानेवारी 2015 मध्ये सिगारने कागद उलटेपालटे केले, तेव्हा दिसलं की वर्षाला 30 कोटी डॉलरांहून अधिक पगार अर्धवट पडताळलेल्या आकड्यांवर दिला जातो आहे. कामावर असलेल्या पोलिसांच्या जवळपास दुप्पट ओळखपत्रं वाटली गेलेली होती. पाचातल्या जवळजवळ एका पोलिसाचा पगार बँकेतून न जाता कुणा ‘विश्वासू’ माणसाच्या हातून रोखीत जायचा, आणि त्यातली निम्मी रक्कम वाटेतच गडप होत असण्याची शक्यता होती. हजेरीपटावर शिपाई आहे, नाक्यावर नाही, पगार मात्र दर महिन्याला उचलला जातो. आपल्या संख्याबळाच्या तक्त्यात तोही छाती काढून उभा असायचा.

आणि हे कळायला महागडं मूल्यमापन लागत नव्हतं. 2009 मध्ये वर्दक प्रांतात एक छोटासा प्रयोग झाला. काही पोलिसांचा पगार वरिष्ठांच्या हाती न देता थेट त्यांच्या मोबाइलवर पाठवला. पहिल्याच महिन्यात पोलिसांना वाटलं, आपला पगार वाढला! वाढला नव्हता. ठरलेला पूर्ण पगार त्यांना जन्मात पहिल्यांदा मिळाला होता. इतकी वर्षं त्यातला लचका वरचा साहेब तोडत होता. एक साहेब इतका भडकला की त्याने आपल्या माणसांचे फोन आणि पिन काढून घेऊन त्यांचे पैसे स्वतःच उचलायचा प्रयत्न केला.

या एका प्रयोगातून जे कळलं ते आपल्या कपाटभर अहवालांत मला मिळालेलं नाही. शिपाई नाक्यावर ट्रक का अडवतो? त्याच्या घरी निम्मा पगार पोचतो म्हणून. तो ठाणेदाराला का घाबरतो, जनतेला का नाही? कारण भाकरी ठाणेदाराच्या हातात आहे. आणि ठाणेदार एवढा हपापलेला का? कारण त्याने स्वतःची जागा वर पैसे चारून मिळवलेली असते आणि ते वसूल करायचे असतात. वरपासून खालपर्यंत ही एकच साखळी होती. आपण तिच्या प्रत्येक कडीला वेगळा गुण दिलात, पूर्ण साखळी एकदाही हातात धरली नाहीत.

बांधकामांच्या तपासणीबद्दल आभार न मानले तर कृतघ्नपणा होईल. कुंदुझ प्रांतातल्या इमाम साहिबला सीमा पोलिसांसाठी 73 लाख डॉलर खर्चून ठाणं बांधलं, सुमारे 175 माणसांसाठी. सिगारचे निरीक्षक तिथे गेले तेव्हा बारा माणसं होती. बहुतेक इमारतींना कुलूप, आणि कित्येक किल्ल्या त्या बाराजणांपाशीही नव्हत्या. वर्दकमध्ये विशेष पोलिसांसाठी सुमारे साडेचार लाख डॉलरांना सरावाचा तळ बांधला. तो ताब्यात घेताना काम ठीक असल्याची सही झाली. विटांत वाळू इतकी होती की चार महिन्यांच्या आत भिंती पाण्याने विरघळू लागल्या. पूर्ण झालेल्या बांधकामांच्या यादीत हे दोन्ही आकडे, माझी खात्री आहे, नीट चढवले गेले असतील.

महिला पोलिसांचं लक्ष्यही उदार होतं: 2014 संपेपर्यंत 5,000. 2013 मध्ये त्या सगळ्या दलाच्या जेमतेम एक टक्का होत्या. का? वेगळं स्वच्छतागृह नाही, कपडे बदलायला खोली नाही, कामाच्या नावाखाली चहा करायचा, आणि त्रास देणारा बहुधा बाहेरचा नव्हे, ठाण्यातलाच. घरी येताना बुरख्याखाली गणवेश लपवायचा, कारण शेजाऱ्याने पाहिलं तर जिवावर बेतेल. मलालाई काकड या कंदाहारमध्ये स्त्रियांवरच्या गुन्ह्यांचा विभाग सांभाळत. सप्टेंबर 2008 मध्ये सकाळी कामावर निघताना त्यांना दारातच गोळ्या घातल्या. त्यांच्यासारख्या बायका हे काम करत राहिल्या ते त्या लक्ष्यासाठी नव्हे. नवऱ्याने जाळलेली, दिराने मारलेली बाई पुरुष हवालदारापुढे तोंड उघडणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. अशा किती बायका ठाण्यात आल्या, त्यातल्या कितींचं ऐकून घेतलं गेलं आणि किती जणींना पुन्हा त्याच घरी पाठवलं, हा आकडा आपण मागितला असतात तर मलालाईबाईंच्या मरणाला काही अर्थ दिल्यासारखं झालं असतं. आपण मागितलात तो फक्त भरतीचा आकडा.

इथे थोडा थांबतो, महोदय, आणि सौजन्य जरा बाजूला ठेवतो. पोलिसांना दुय्यम दर्जाचे सैनिक म्हणून वापरलं गेलं. दोन-चार वाळूच्या गोण्या, एक झेंडा, एक बंदूक, आणि महामार्गावरच्या नाक्यावर पाच-सहा पोरं रात्रभर उभी. सैन्याकडे चिलखती गाड्या, यांच्याकडे साधी पिकअप. बंडखोरांना सोपी शिकार हीच. कित्येक वर्षं अफगाण सैनिकांपेक्षा अफगाण पोलीस जास्त मेले. त्यांना तपास शिकवला नव्हता, कारण तपासाची गरजच नव्हती. नाका धरून मरायचं होतं. नाका किती दिवस टिकला ते मोजलं गेलं. ती पोरं पोलीस होती का, हे कुणी विचारलं नाही. आणि त्यातल्याच एखाद्याने दिवसा एखाद्या शेतकऱ्याची कोंबडी उचलली, पोराला मारलं, की त्या शेतकऱ्याच्या मनात सरकार म्हणजे हाच, एवढंच पक्कं व्हायचं.

या शेतकऱ्याने मग काय केलं? जमिनीच्या बांधावरून तंटा झाला की तो तालिबानच्या न्यायालयात गेला. तो काही तालिबानभक्त नव्हता. सरकारी न्यायालयात चकरा, ठाण्यात पैसे, आणि तरी निकाल नाही. तालिबानचा काझी दोन दिवसांत निकाल द्यायचा, फुकट द्यायचा आणि तो अमलातही यायचा. निकाल क्रूर असायचे, बायकांच्या वाट्याला तर अन्यायच. तरी लोक जायचे. गावातली माणसं तंटा घेऊन कुठे जातात, हा पोलीस सुधारणेचा सगळ्यात साधा निकष होता, आणि तो तालिबानला समजत होता.

15 ऑगस्ट 2021 ला काबूल पडलं. नाक्यांवरचे पोलीस गणवेश टाकून निघून गेले. एकट्या अमेरिकेने अफगाण सुरक्षा दलांवर 80 अब्ज डॉलरांच्या वर खर्च केला होता. 2022 मध्ये सिगारने पोलीस उभारणीतल्या चुकांवर जाडजूड ग्रंथ काढला. तो वाचताना मला एकच गोष्ट छळत होती. त्यातली जवळजवळ प्रत्येक चूक पहिल्या सात-आठ वर्षांतच कुणी ना कुणी लिहून ठेवलेली होती. माहिती नव्हती म्हणून हे घडलं नाही. ‘प्रगती होत आहे’ असं लिहिलं की पुढच्या वर्षीचा निधी सुटतो, आणि ‘होत नाही’ असं लिहिलं की विचारणा होते. आपण माणूस आहात, आपल्यालाही घरदार आहे, हे मला समजतं. पण आपल्या त्या ओळीवर पुढच्या वर्षीची पोरं नाक्यावर उभी केली गेली.

अफगाणिस्तानचं एक वेळ सोडू. तिथे युद्ध चालू होतं, असं आपण म्हणाल. मग पूर्व तिमोर घ्या. चिमुकला देश, संयुक्त राष्ट्रांनी हाताने वाढवलेलं पोलीस दल. 2004 मध्ये पोलिसी कामाचे सगळे अधिकार त्याच्याकडे सोपवले गेले. दोन वर्षांत, मे 2006 मध्ये, राजधानी दिलीतलं पोलीस दल पूर्व आणि पश्चिम अशा गटांत फुटून कोसळलं. 25 मेला शस्त्रं खाली ठेवून संयुक्त राष्ट्रांच्या संरक्षणाखाली बाहेर पडणाऱ्या पोलिसांवर त्यांच्याच देशाच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि आठजण मारले गेले. गणवेश, कवायत, गाड्या सगळं तपासलं होतं. या दलातला माणूस संकटात कुणाची बाजू घेईल, एवढं विचारायचं राहून गेलं होतं.

आपण म्हणाल, टीका सोपी असते, असल्या गोष्टी मोजणार कशा? त्याचं उत्तर आपल्याला राजस्थानात मिळेल. 2005 नंतरच्या काही वर्षांत तिथे 162 पोलीस ठाण्यांत सुधारणांची चाचणी झाली. भारतीय पोलीस सेवेतल्या नीना सिंह आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ त्यात होते. काही ठाण्यांत प्रशिक्षण दिलं, काही ठिकाणी बदल्या गोठवल्या, काही ठिकाणी आठवड्याची सुटी, काही ठिकाणी गावातला माणूस ठाण्यात निरीक्षक म्हणून बसवला. आणि मोजणी कशी केली? साधी माणसं न सांगता ठाण्यात पाठवली. त्यांनी जाऊन म्हणायचं, साहेब, माझी चोरी झाली, फिर्याद घ्या. पुढे काय होतं ते टिपायचं. शिवाय ज्यांच्या घरी खरोखर गुन्हा घडला होता त्यांना विचारायचं, पोलीस तुमच्याशी कसे वागले?

निष्कर्षही गोडगोड नव्हते. प्रशिक्षणाचा उपयोग झाला. आठवड्याची सुटी, कामाची फिरती वाटणी, गावकरी निरीक्षक यांचा झाला नाही, कारण ठाणेदारांनी ते नीट राबवलंच नाही. हे जसं होतं तसं छापलं गेलं. ‘तुमची फिर्याद नोंदली का’ हा प्रश्न विचारायला उपग्रह लागत नाही. मध्ये बसलेला ठाणेदार सुधारणा कशी गिळतो, हे त्यातून उघड्यावर आलं, आणि महाराष्ट्रात ज्याने एखादी चांगली योजना ठाण्याच्या उंबऱ्यावर मरताना पाहिली आहे त्याला त्यात नवल वाटणार नाही.

याहून मोठं कामही घ्या. 2021 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सहा देशांतल्या चाचण्यांचा एकत्रित निकाल आला: ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि युगांडा. प्रश्न होता, पोलिसांनी वस्तीत जाऊन सभा घेतल्या, गस्त वाढवली, तक्रारी ऐकल्या, तर लोकांचा विश्वास वाढतो का, गुन्हे घटतात का? जगभर या उपायाची तारीफ चालली होती, आपल्याही अहवालांत. उत्तर आलं, नाही. ना विश्वास वाढला, ना गुन्हे घटले. पोलिसांनी लोकांचं ऐकलं, पण पुढे त्यावर केलं काही नाही. उत्साही अधिकाऱ्याची बदली झाली. पैसा-मनुष्यबळ अपुरं पडलं. असा नकार मान्य करायला मन मोठं लागतं. ज्यांनी तो छापला त्यांच्याबद्दल मला खराखुरा आदर आहे. या पत्रात मी आपले अनेकदा आभार मानले. हा आदर मात्र मनापासून आहे.

आता विनंती, कारण आपलं पुढचं काम ठरलेलं आहे. हैतीत 1995 मध्ये सैन्य बरखास्त करून नवं राष्ट्रीय पोलीस दल उभं केलं गेलं. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या किती मोहिमा आल्या आणि गेल्या. 2004 ते 2017 ची सगळ्यात मोठी. पोलिसांच्या वाढत्या संख्येचं कौतुक वेळोवेळी झालं. मार्च 2024 मध्ये टोळ्यांनी पोर्ट-ओ-प्रिन्सचा मुख्य तुरुंग फोडला, हजारो कैदी पळाले, पोलीस ठाणी पेटली. त्याच वर्षी जूनमध्ये केनियाचे पोलीस तिथे उतरले. सुधारणेची पुढची फेरी सुरू आहे, आणि तिचं मूल्यमापन कुणीतरी करणारच. आपणच कराल, अशी दाट शक्यता आहे.

तेव्हा एवढं करा, महोदय. राजधानीतल्या हॉटेलात पोलीस प्रमुखांच्या सादरीकरणाला बसण्याआधी, ज्या वस्तीतली माणसं टोळ्यांच्या भीतीने घर सोडून शाळेच्या वर्गात राहायला आली आहेत तिथे जा. ज्या बाईच्या मुलीवर अत्याचार झाला आहे तिला विचारा, तुम्ही पोलिसांकडे गेलात का? गेला नसाल तर का नाही? गेलात तर काय झालं? सहा महिन्यांनी त्याच वस्तीत तोच प्रश्न पुन्हा विचारा, शक्यतो दुसऱ्या माणसाकरवी, पोलीस सोबत न नेता. शिपायाला त्याच्या साहेबासमोर नको, एकट्याला गाठून विचारा, या महिन्यात हातात किती पगार पडला. आणि जी उत्तरं येतील ती गोषवाऱ्याच्या पहिल्या पानावर छापा, फ्रेंचमध्ये आणि हैतीच्या क्रिओलमध्येही, म्हणजे ज्यांनी ती दिली त्यांना ती वाचता येतील. मोजपट्टी मध्येच बदलू नका. निधी थांबेल अशी भीती वाटली, तर तीही लिहा.

आपल्या उत्तराची वाट पाहतो. ते गोपनीय नसावं, एवढीच अपेक्षा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाचक